आखाजीला लावलेली गाडी कानबाईला सेल्फवर निघायची असेल तर

खानदेशात गावोगावी अशी एखादी गाडी असतेच. मालक कामधंद्याला सुरतेला नाहीतर पुण्याला, गाडी गावी पत्र्याच्या शेडमध्ये. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे जमतात, गाडी चार दिवस पळते, आणि नंतर तिला हात लागतो तो थेट श्रावणात, कानबाई देवीच्या सणाचे रोट खायला मंडळी परत आली की. मधे तीन-सव्वातीन महिने. त्यातला पहिला दीड महिना ४२ ते ४५ अंशांचा, पुढचा पावसाळी. चावी फिरवली की किटकिट आवाज, मीटरचे दिवे मंद, आणि मग धक्का मारायला पोरं गोळा करायची. शेजारचा सांगतो, बॅटरीच फालतू निघाली. बहुतेक वेळा बॅटरीचा दोष नसतो.

उभ्या गाडीची बॅटरी सांभाळायची तर आधी एकच गोष्ट ठरवावी लागते: गाडी किती दिवस उभी राहणार? पंधरा दिवसांच्या आत असेल तर चांगल्या बॅटरीला काही करायची गरज नाही. पंधरा दिवस ते दीड महिना असेल तर पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह केबल काढून ठेवा. त्याहून जास्त असेल तर केबल काढून मधे एकदा चार्जिंग, नाहीतर कायमचा छोटा चार्जर किंवा सोलर. चौथा एक उपाय सगळीकडे केला जातो, 'भाऊला सांगितलंय, दर आठवड्याला दहा मिनिटं चालू करून ठेवतो'. तो सगळ्यात कुचकामी आहे. का, ते पुढे येईल.

बॅटरी उभ्या उभ्या कशी उतरते

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. पूर्ण भरलेली बॅटरी तासभर निवांत ठेवून मोजली की १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव, आणि ११.८ म्हणजे रिकामी. १२ व्होल्टची बॅटरी १२ दाखवतेय म्हणून खूश होणारे पुष्कळ भेटतात; ती तीन हिस्से संपलेली असते.

गळती दोन वाटांनी होते. पहिली गाडीची. चावी काढली तरी घड्याळ, सेंट्रल लॉकचा रिसीव्हर, अलार्म, इंजिनाचा कंप्युटर हे सगळं थोडा थोडा करंट खातच असतं. २० ते ५० मिलीअँपियर इथपर्यंत ठीक. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी बहुधा ३५ अँपियर-अवरची (अँपियर गुणिले तास) असते. ५० मिलीअँपियर म्हणजे दिवसाला १.२ अँपियर-अवर, पंधरा दिवसांत १८, म्हणजे बॅटरी निम्मी. त्यात बाहेरून बसवलेला जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम नाहीतर मोठा म्युझिक सिस्टिम असेल तर हाच हिशेब आठ-दहा दिवसांवर येतो.

दुसरी गळती बॅटरीच्या पोटातली. केबल काढून ठेवली तरी ती थांबत नाही, आणि उन्हाळ्यात तीच जड जाते. तापमान दहा अंशांनी वाढलं की ही गळती साधारण दुप्पट होते. नव्या कॅल्शियम प्लेटवाल्या बॅटरीची २५ अंशांना महिन्याला तीन-चार टक्के जात असेल, तर ४५ अंशांच्या शेडमध्ये तिची बारा-पंधरा टक्के जाते. पाणी घालायच्या जुन्या पद्धतीच्या बॅटरीची याहून बरीच जास्त. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी काय तापमान असतं हे सांगायला नको.

बॅटरी रिकामी झाली की प्लेटांवर लेड सल्फेट बसतं. लगेच चार्ज केलं तर ते परत विरघळतं. तशीच महिना-दोन महिने राहिली तर त्याचे कडक खडे होतात, आणि ते चार्जरने निघत नाहीत. म्हणून उतरलेली बॅटरी 'आल्यावर बघू' म्हणून ठेवायची नसते. पूर्ण भरलेली तीन महिने ठेवली तर तगते, अर्धी भरलेली तीन महिने ठेवली तर अधू होते.

गाडी लावण्याच्या आदल्या दिवशी

मल्टीमीटर घरात असू द्या, दोन-चारशे रुपयांचा चालतो. गाडी बंद करून रात्रभर ठेवा, सकाळी दार उघडण्याआधी बॉनेट उघडून मोजा. (बॉनेटसाठी दार उघडावंच लागत असेल तर परत लावून अर्धा तास थांबा.) १२.५ च्या खाली असेल तर चार्जिंग झाल्याशिवाय गाडी लावून जाऊ नका.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर साचली असेल तर काढा. ती ओल धरते आणि वरच्या वर करंट झिरपतो. पेलाभर गरम पाण्यात मोठा चमचा खायचा सोडा, जुना दातांचा ब्रश. फेस थांबेपर्यंत घासा, स्वच्छ पाण्याने पुसा, कोरडं झालं की व्हॅसलीनचा पातळ हात. सोड्याचं पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नका, आतलं ॲसिड मरतं.

झाकणं असलेली बॅटरी असेल तर पाणी बघा. प्लेटांच्या वर एक सेंटिमीटर पाणी हवं, किंवा बाहेरच्या दोन रेषांच्या मधे. फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं. रावेर-यावल पट्ट्यातल्या बोअरचं पाणी तर सोडाच, घरचं आरओचं पाणीही नको. त्यातही क्षार उरतात. एसीतून ठिबकणारं पाणी बाटलीत धरून घालणारे आहेत, त्या पाण्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश येतो. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच आधी घाला, बाकीचं चार्जिंग झाल्यावर. आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगला ॲसिड वर येऊन ट्रे खातं. आणि ॲसिड कधीच घालायचं नाही. कमी होतं ते पाणी, ॲसिड तिथंच असतं.

हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडचा दाटपणा (ग्रॅव्हिटी) मोजायची नळी, असेल तर उत्तमच. बॅटरीवाले बोलताना ग्रॅव्हिटी 'साडेबाराशे' म्हणतात, म्हणजे १.२५०. आपल्याकडच्या बहुतेक बॅटऱ्या पूर्ण भरल्या की त्याच्या आसपास असतात. १२०० च्या खाली आली तर चार्जिंगला लावा. हे आकडे २७ अंशांचे आहेत. पाणी ४२ अंशांचं असेल तर वाचनात दहा मिळवा. सहा सेलांपैकी एखादा बाकीच्यांपेक्षा पन्नासने खाली असेल तर तो सेल गेलेला आहे, पुढचं सगळं वाचून उपयोग नाही.

निगेटिव्ह काढणं

बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह. लाल आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर पाना पांढरा होईपर्यंत तापतो. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. केबल सुटली की तिच्या टोकाला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा आणि बाजूला दाबून ठेवा. नाहीतर ती स्प्रिंगसारखी परत पोस्टला, म्हणजे बॅटरीच्या खुंटीला, जाऊन टेकते.

याआधी चार गोष्टी बघून घ्या. काचा पूर्ण वर घ्या. डिकी बटणावर उघडणारी असेल तर ती लाइट नसताना उघडणार नाही, आत काही ठेवू नका. आणि रिमोटच्या चावीतली खरी चावी दाराला लागते का ते करून बघा. वर्षानुवर्षं न वापरलेलं कुलूप धुळीने अडकलेलं असतं. काही म्युझिक सिस्टिम केबल काढल्यावर कोड मागतात, तो आधी शोधून ठेवा. परत जोडल्यावर घड्याळ लावावं लागतं, काचेचं ऑटो बटण परत शिकवावं लागतं (काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवायचं), आणि इंजिन पहिले काही किलोमीटर जरा वरखाली बोलतं. घाबरायचं कारण नाही.

दरवेळी पाना नको असेल तर ट्रॅक्टरला असतो तसा कट-ऑफ स्विच निगेटिव्हला बसवता येतो. घेताना दोन गोष्टी बघा. छोट्या गाड्यांच्या बॅटरीची पोस्ट बारीक असते, मोठ्यांची जाड. जाड पोस्टचा स्विच बारीकवर पत्र्याची चकती घालून बसवला की तो ढिला पडतो आणि सेल्फ मारताना तापतो. दुसरं, डिझेल गाडीचा सेल्फ तीनशे अँपियरच्या वरही ओढतो, तेवढं सोसणारा पितळी स्विच घ्या.

बॅटरी काढून घरात ठेवायची असेल तर घरातली सगळ्यात थंड खोली निवडा. मातीच्या जाड भिंतींच्या जुन्या घरात ती शेडपेक्षा कितीतरी बरी राहते. 'फरशीवर ठेवली की उतरते' हे जुन्या रबरी डब्यांच्या काळातलं. आताच्या प्लास्टिक डब्याला गार फरशी मानवतेच. आडवी मात्र ठेवू नका.

चार्जर: कोणता आणि कसा

करंट बॅटरीच्या दहाव्या हिश्शाइतका. ३५ ला साडेतीन अँपियर, ७० ला सात. कमी चालतो, वेळ जास्त लागतो इतकंच. जास्त चालत नाही. घरच्या इन्व्हर्टरला गाडीची बॅटरी लावून चार्ज करायचा मोह होतो, पण तो दीडशे अँपियर-अवरच्या ट्युब्युलर बॅटरीच्या हिशेबाने पंधरा अँपियरपर्यंत ढकलतो. ३५ ची बॅटरी त्यावर उकळते.

ऑटोमॅटिक चार्जर घ्या, जो १४.४ ते १४.७ व्होल्टला भरतो आणि मग १३.५ ते १३.८ ला उतरून थांबतो. जुना ट्रान्सफॉर्मरवाला लोखंडी चार्जर थांबत नाही. तो समोर माणूस बसला असेल तरच.

जोडणी अशी: चार्जरचा पिन बाहेर. लाल चिमटा पॉझिटिव्हला. केबल जोडलेलीच असेल तर काळा चिमटा इंजिनाच्या किंवा बॉडीच्या कोऱ्या लोखंडाला, बॅटरीपासून हातभर लांब. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत निगेटिव्ह पोस्टवर सेन्सर असतो, पोस्टला थेट चिमटा लावला की त्याचा हिशेब चुकतो. बॉडीला लावला की तो प्रश्न मिटतो आणि ठिणगीही बॅटरीपासून लांब राहते. केबल काढलेली असेल तर मात्र पोस्टलाच. मग पिन लावा, बटण दाबा. काढताना उलट: आधी बटण बंद, मग चिमटे. भरत आलेली बॅटरी हायड्रोजन सोडते, चिमटा काढतानाची ठिणगी तिथं नको, बिडी तर नकोच. शेडचं दार उघडं ठेवा.

किती तास? कमी असलेले अँपियर-अवर गुणिले १.२, भागिले करंट. ३५ ची बॅटरी १२.२ वर आहे म्हणजे साडेसतरा कमी; एकवीस भागिले साडेतीन, सहा तास. शेवटचा पाचवा हिस्सा हळू भरतो, म्हणून रात्रभर लावलेली बरी.

चार्जर तीन महिने कायम लावून ठेवायचा असेल तर इथे एक अडचण आहे, ती बहुतेक चार्जरच्या पुस्तिकेत नसते. १३.६ हा थांबायचा व्होल्टेज २५ अंशांसाठी आहे. वर प्रत्येक अंशाला तो ०.०२ व्होल्टने खाली हवा. ४५ अंशांना म्हणजे १३.२. तापमान न बघणारा चार्जर मे महिनाभर १३.७ देत राहिला तर बॅटरी भरलेलीच राहते, पण पाणी आटत जातं, आणि सीलबंद बॅटरीत ते परत घालता येत नाही. तापमान बघणारा चार्जर मिळाला तर घ्या. नसेल तर टायमरच्या सॉकेटवर लावा: गाडीची केबल जोडलेली असेल तर दोन अँपियरचा चार्जर रोज तासभर पुरतो. केबल काढलेली असेल तर महिन्यातून एक रात्र.

गावाकडे लाइटचं गणितही धरावं लागतं. लाइट गेली की चक्रीचा टायमर थांबतो आणि वेळ पुढे सरकते. सकाळचा तास रात्री होतो, चालेल. पण काही चार्जर लाइट परत आल्यावर आपणहून सुरू होत नाहीत, बटण दाबायची वाट बघत बसतात. घेतल्यावर पहिल्याच दिवशी चालू असताना पिन काढून परत लावून बघा. डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळून चार दिवस अंधार असेल तर चार्जर बॅटरीतूनच स्वतःचा दिवा पेटता ठेवतो का हेही बघा. आणि वायर बॉनेटखाली चिणू देऊ नका. शेडमध्ये धान्य-भुईमूग असेल तर उंदीर तिला सोडणार नाहीत, गाडीच्या वायरिंगलाही नाही.

सोलर

ऊन तसंही आहेच. दहा वॅटचं बारा व्होल्टचं पॅनल चांगल्या उन्हात अर्धा अँपियर देतं. धूळ वगैरे धरून दिवसाला दोन अँपियर-अवर पकडा. ५० मिलीअँपियरची गळती भरून थोडं उरतं. पावसाळ्यात आठ-आठ दिवस आभाळ असतं, म्हणून वीस वॅटचं घेतलेलं बरं.

पॅनल थेट बॅटरीला लावू नका. उघड्यावर ते २१ व्होल्टपर्यंत जातं. मधे छोटा चार्ज कंट्रोलर, लेड-ॲसिडवर सेट केलेला. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल. पॉझिटिव्ह वायरीला बॅटरीपासून वितीच्या आत तीन अँपियरचा फ्यूज. वायर दीड एमएम, दहा मीटरपर्यंत चालते. पॅनल शेडच्या पत्र्यावर दक्षिणेकडे तोंड करून, २१ अंशांच्या कलाने. धुळे, जळगाव, नंदुरबार सगळं त्याच अक्षांशाच्या आसपास आहे. कंट्रोलर सावलीत ठेवा, बॉनेटखाली नको. गाडीच्या काचेमागे डॅशबोर्डवर ठेवायचं पॅनल मिळतं, पण काच बरंच ऊन खाते आणि लायटरचा सॉकेट बऱ्याच गाड्यांत चावी काढली की बंद असतो, त्यामुळे तो करंट कुठे पोचतच नाही.

दहा मिनिटांचा हिशेब

इंजिन आयडलवर असताना डायनामोने दिलेल्यातला बराच करंट पेट्रोल पंप, इग्निशन, रेडिएटरचा पंखा खातात. पाच अँपियर उरले धरले तर दहा मिनिटांत बॅटरीला मिळतो ०.८ अँपियर-अवर. ५० मिलीअँपियरची एका दिवसाची गळतीही त्यातून पुरती भरत नाही. एसी लावून बसलात तर तेवढाही नाही. वर ऑइल नीट तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. गाडी कुणाला फिरवायला द्यायचीच असेल तर पंधरा दिवसांतून एकदा तासभर हायवेला: जळगाव ते भुसावळ जाऊन परत. टायर, ब्रेक, एसीचे सील यांचंही भलं होतं. तरी निम्मी उतरलेली बॅटरी तासाभरात भरत नाही.

आठ दिवसांत उतरत असेल तर

मग गाडीत चोर आहे. मल्टीमीटरची लाल वायर १० अँपियरच्या भोकात घाला, निगेटिव्ह केबल काढून केबल आणि पोस्ट यांच्या मधे मीटर जोडा. दाराचं आणि बॉनेटचं लॉक स्क्रू-ड्रायव्हरने बसवून गाडी 'बंद' समजेल असं करा, रिमोटने लॉक करा, आणि अर्धा तास थांबा. सुरुवातीला अँपियरमध्ये आकडा दिसतो, मग कंप्युटर झोपतात आणि तो खाली येतो. मीटर लागलेला असताना चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडतो. आकडा ५० मिलीअँपियरच्या वर राहिला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडेल ती लाइन. बाहेरचं म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा, डिकीचा न विझणारा दिवा, हे नेहमीचे. एकही फ्यूज काढून फरक पडला नाही तर डायनामोची जाड वायर सोडून बघा. आतला डायोड गेला की तो उलटा करंट पितो.

तरीही बसलीच तर

धक्का मारून गाडी सुरू होईल (एएमटी किंवा ऑटोमॅटिक गिअरची असेल तर होणार नाही), पण पूर्ण रिकामी बॅटरी भरण्याचं काम डायनामोचं नाही, तो तापतो. चार्जरने भरा. बॅटरी फारच खाली गेली असेल तर ऑटोमॅटिक चार्जर ती ओळखतच नाही; चांगल्या बॅटरीला लाल-लाल, काळी-काळी अशी दहा मिनिटं समांतर जोडा, मग चार्जर तिला धरतो. एक-दोन अँपियरवर चोवीस तास राहू द्या, डबा हाताला गरम लागला तर थांबा. नंतर सुटी करून बारा तास ठेवा आणि मोजा. १२.४ च्या खाली आली, किंवा सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली कोसळली, तर ती संपली.

नवी घेताना जुनी भंगारवाल्याला आधी देऊन बसू नका. दुकानदार तिचे पैसे वळते करतो, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती अधिकृत रिसायकलिंगलाच जायला हवी. नव्या बॅटरीवरचा बनवल्याचा महिना वाचा आणि दुकानातच मीटर लावा. सहा महिने फळीवर बसून १२.३ वर आलेली बॅटरी नवी असली तरी तिची अवस्था तुमच्या शेडमधल्या बॅटरीसारखीच झालेली असते. १२.५ दाखवणारी दुसरी मागा.